लेखांक ७ : काच नंतर, आधी दिशा

छताचं ऊन गेल्या आठवड्यात पाहिलं. ते छळतं फक्त वरच्या मजल्याला. खिडकीतलं ऊन कुणालाच सोडत नाही.

दुकानात खिडक्या बघायला गेलं की विक्रेता आधी डबल ग्लास दाखवतो. दोन तावदानांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला अडवते, हे खरं. बाहेर बर्फ आणि आत हीटर असतो, अशा देशांत तिचा मोठाच उपयोग. नागपूरच्या मे महिन्यात मात्र खिडकीतून जी उष्णता शिरते, तिच्यात मोठा वाटा थेट उन्हाचा. म्हणून काच उष्णतेला किती अडवते ते सांगणाऱ्या यू-व्हॅल्यूच्या जोडीला एसएचजीसी हा आकडा विचारायलाच हवा. काचेवर पडलेल्या सौरउष्णतेचा किती हिस्सा आत येतो, ते तो सांगतो. साध्या एकेरी काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो आणि साध्या दुहेरी काचेचा ०.७ च्या. पैसे दुप्पट मोजून उन्हात फरक एवढाच! सोलर कंट्रोल लेप असलेल्या काचेचा आकडा पुष्कळ खाली येतो. फार काळी काच मात्र नको. भर दुपारी दिवे लावावे लागतात.

पण काचेच्याही आधी दिशा बघावी. दक्षिणेचं दुपारचं ऊन उंचावरून येतं, त्याला छज्जा पुरतो. पश्चिमेचं संध्याकाळी तिरपं, छज्ज्याखालून घुसतं. आतल्या जाड पडद्याचा फारसा फायदा नाही, कारण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चीक सोडली तर काच फारशी तापत नाही. सोसायटीच्या नियमांत बसत असेल तर पश्चिमेला यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

आता वारा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'नुसार मुंबईसारख्या दमट हवेत उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे साधारण एक षष्ठांश हवा. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची ९० टक्के. म्हणजे सगळ्या खिडक्या सरकत्या घेतल्या तर २०० चौरस फूट खिडकी लागेल. एवढ्या भिंती आणायच्या कुठून? त्यातून पल्ल्यांच्या मधल्या फटीतून एसीची थंड हवा गळते ती वेगळीच. बिजागरीचा पल्ला रबरी पट्टीवर घट्ट बसतो. जागा खातो, ग्रिल आणि डासांच्या जाळीशी भांडतो, पण मी तोच घेईन.

बाहेर उघडणारं बाल्कनीचं दार याच हिशोबात धरतात, तेव्हा तेही शक्यतो सरकतं नको. एसीच्या खोलीच्या दाराला खाली ब्रशची पट्टी लावून घ्यावी. लाकडी दार असेल तर पट्टी पावसाळ्यात मापून घ्या. तेव्हा दार फुगलेलं असतं; उन्हाळ्यात बेताची बसवलेली पट्टी आषाढात फरशीला घासू लागते.