डीव्हीडीचा आवाज बदलताना

डीव्हीडीवर चित्राची फाइल वेगळी आणि आवाजाची वेगळी, असे नसते. व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या फाइलींमध्ये चित्र, आवाज आणि सबटायटल यांचे २,०४८ बाइटचे तुकडे एकमेकांत गुंफलेले असतात. आवाज बदलायचा तर ही वीण उसवून चित्र बाजूला काढायचे आणि नव्या आवाजासह पुन्हा विणायचे. डिस्कवर आधी छापलेले काही पुसता येत नसल्याने हे सारे संगणकावर होते आणि शेवटी नवी डिस्क लिहिली जाते.

बहुधा घरगुती चित्रीकरणासाठी हा खटाटोप केला जातो. मैफलीत कॅमेऱ्याच्या माइकने गाण्याबरोबर पंख्याची घरघर आणि शेजारचा खोकलाही इमानाने टिपलेला असतो. मिक्सरवरून थेट घेतलेले ध्वनिमुद्रण मात्र स्वच्छ असते. बाजारातल्या चित्रपटांच्या डिस्कना सहसा सांकेतिक कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे.

सीडीवरील आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, डीव्हीडीला सर्वसाधारणपणे ४८,००० लागतात. हे रूपांतर सॉफ्टवेअर बिनबोभाट करते. खरी परीक्षा असते ती चित्र आणि आवाज यांचा मेळ घालण्याची.

सुरुवातच मागेपुढे झाली असेल तर दुरुस्ती सोपी असते. तबल्यावरची थाप दिसते तो क्षण आणि ऐकू येते तो क्षण जुळवला की भागते. पण कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. लाखात पाच इतकाच फरक असला तरी दोन तासांनी आवाज ०.३६ सेकंद सरकलेला असतो. म्हणून सुरुवातीइतकीच शेवटाचीही थाप जुळवावी लागते आणि मधला आवाज तेवढ्या प्रमाणात ताणावा किंवा आखडावा लागतो. आवाज चित्राच्या मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदही जाणवतात. प्रत्यक्षातही आवाज प्रकाशाच्या मागूनच पोचतो, त्यामुळे उशीर कानाला खपतो, घाई नाही.

चित्रपटांत आणखी एक गोम आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात, पाल पद्धतीच्या डिस्कवर बहुधा २५. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि पट्टीही सुमारे ०.७ अर्धस्वर, म्हणजे अर्ध्या स्वरांतराहून थोडी कमी, चढू शकते. दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कवरचा आवाज तसाच लावला, तर तो दर मिनिटागणिक मागे पडत जातो.

मेळ बसला की आवाज डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम स्वरूपात साठवून चित्रासोबत गुंफतात. इथे आयएफओ फाइल विसरून चालत नाही. कोणते प्रकरण कुठे सुरू होते, कोणत्या ट्रॅकची भाषा कोणती, हे तिच्यात लिहिलेले असते. गुंफण बदलली की सगळे पत्ते सरकतात आणि जुनी आयएफओ ठेवली तर प्रकरणावर उडी मारताच प्लेअर भलतीकडेच जातो.

जुना आवाज काढून टाकलाच पाहिजे असेही नाही. एका डीव्हीडीत आठ ट्रॅक मावतात, तेव्हा नवा पहिला आणि मूळ दुसरा ठेवणे शहाणपणाचे; टाळ्या आणि दाद बहुधा कॅमेऱ्याच्याच माइकवर चांगली आलेली असते. चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी डिस्क वापरावी आणि ती संगणकावर नव्हे, टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर शेवटच्या प्रकरणापर्यंत पाहावी.