माहितीचे चित्र : दोन मिती की तीन?

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक शोधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. नाव ठाऊक असेल तर आपण नोंदवही उघडतो. नसेल तर कपाटासमोर उभे राहून नजर फिरवतो, आणि कधी कधी न शोधलेलेच चांगले पुस्तक हाती लागते. संगणकात नाव टाइप करून शोधणे ही पहिली तऱ्हा. दुसरी तऱ्हा पडद्यावर कशी आणायची?

१९९० साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्यापुढे अशीच अडचण होती. प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत, आणि ती भरून जाई. जागा कोणी अडवली, हे फाइलींच्या यादीवरून पटकन कळेना. तेव्हा त्यांनी एक आयत घेऊन त्याचे उभे-आडवे भाग पाडले. जेवढी फाइल मोठी, तेवढे तिच्या भागाचे क्षेत्रफळ जास्त.

हे आपण वर्गात करून पाहू या. समजा, ग्रंथालयात ४०० पुस्तके आहेत. आलेख कागदावर २० × २० चौकटींचा चौरस आखा. एक चौकट म्हणजे एक पुस्तक. गोष्टींची पुस्तके २००, म्हणजे डावा अर्धा भाग. उरलेल्या भागात इतिहासाच्या ८ ओळी, कोशांच्या ८ आणि विज्ञानाच्या ४. विज्ञानाच्या ४० चौकटींपैकी ३२ प्राणी-वनस्पतींच्या, ८ खगोलशास्त्राच्या. रंग भरताच मुले विचारतील, “आकाशाची पुस्तके एवढीच का?” नोंदवही विचारलेल्याचेच उत्तर देते, चित्र न सुचलेला प्रश्नही पुढे आणते.

मग तिसरी मिती दिली तर आणखी सोपे होईल का? १९९१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी फाइलींची उतरंड शंकूंच्या रूपात मांडली. टोकाला मुख्य फोल्डर, पायाच्या वर्तुळावर त्यातील घटक. हवा तो घटक निवडला की शंकू फिरून तो समोर येई. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटातील मुलगी फाइलींच्या त्रिमितीय देखाव्यावरून जणू उडत जाते. ते सॉफ्टवेअरही खरे होते.

देखावा मोहक, पण अडचण साधी आहे. पुढची वस्तू मागचीला झाकते, आणि दूरची वस्तू लहान दिसते. न्यूझीलंडमधील कॅंटरबरी विद्यापीठाच्या अँडी कॉकबर्न व ब्रूस मॅकेन्झी यांनी याची परीक्षा घेतली. माणसांनी स्वतः मांडलेली चित्रे त्यांना पुन्हा शोधायला सांगितली. कधी प्रत्यक्ष मांडणीत, कधी पडद्यावर. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तिसऱ्या मितीला जितका जास्त वाव, तितके शोधणे अवघड. सहभागींनाही ती मांडणी गर्दीची वाटली.

म्हणून तिसरी मिती टाकाऊ ठरत नाही. रेणूची रचना किंवा कवटीची हाडे मुळातच त्रिमितीय आहेत. तेथे प्रतिकृती फिरवून पाहण्याला पर्याय नाही. पुस्तकांच्या संख्येला मात्र लांबी, रुंदी, उंची नसते. शाळेसाठी चकचकीत त्रिमितीय सॉफ्टवेअर दाखवले गेले, तर आपण एवढेच विचारावे : या माहितीला खरोखर तिसरी मिती आहे का? नसेल, तर आलेख कागद आणि रंगीत पेन्सिली पुरेशा आहेत.