गावचा पहारा आणि कायद्याचा कागद

आमच्या वर्धा जिल्ह्यात मधूनच चोरांच्या अफवा उठतात. मग गावातली पोरं काठ्या आणि टॉर्च घेऊन रात्री वेशीवर बसतात. काही वर्षांपूर्वी कविसंमेलन आटोपून परतताना अशाच एका वेशीवर आमची गाडी अडवली. ‘‘कोन्या गावचे जी? नाव काय तुमचं?’’ मी नाव सांगितलं. टॉर्चचा उजेड माझ्या चेहऱ्यावर जरा जास्तच रेंगाळला. तेवढ्यात पोलीस पाटील आले, त्यांनी ओळखलं, घरी नेऊन चहा पाजला. पोरं वाईट नव्हती. पण ते अर्धं मिनिट मनात राहिलं. वाट अडवायचा अधिकार त्यांना दिला कोणी?

कायद्यात याचं उत्तर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ६३ ब गावातल्या स्वयंसेवकांच्या रक्षक दलाविषयी आहे. हे दल पोलीस अधीक्षक किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी स्थापन करतो. चार जण चावडीवर जमले, काठ्या घेतल्या, की दल झालं, असं नाही.

होमगार्डचीही हीच रीत. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींनी होरपळणाऱ्या मुंबईत हे दल उभं राहिलं. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. पुढच्याच वर्षी त्यासाठी कायदा झाला. आमचा वर्धा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तिथेही १९४७ मध्येच होमगार्डचा वेगळा कायदा झाला. त्यातली खुबी अशी, की एरवी शिंपीकाम करणारा किंवा किराणा दुकान चालवणारा माणूस कामगिरीवर बोलावला गेला, की त्याला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं. कामगिरी संपली, की तो पुन्हा आपल्यासारखाच. अधिकार अंगाला चिकटून राहत नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. गणपतीच्या बंदोबस्तात उभा असलेला खाकीतला मुलगा काय करू शकतो, हे त्याला ठाऊक असतं. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे आपल्यालाही.

हा पेच जुना आहे. अमेरिकेत १७४७ साली फिलाडेल्फियात शत्रूच्या जहाजांची भीती पसरली. तिथल्या विधिमंडळात युद्धविरोधी क्वेकर पंथीयांचं वर्चस्व, त्यामुळे फौजेचा कायदाच नव्हता. बेंजामिन फ्रँकलिनने करारपत्र लिहिलं, हजारोंनी सह्या केल्या, तुकड्या बनल्या, तुकड्यांनी आपले नायक निवडले. कायद्याचा आधार १७५५ मध्ये मिळाला. पुढे १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट नागरिकांची नोंद सक्तीची केली, पण फक्त गोऱ्या पुरुषांची. कागद झाला, तरी यादीत कोण आणि यादीबाहेर कोण, हा प्रश्न उरलाच.

आमच्या जिल्ह्याने तर बिनकागदाची, बिनकाठीची सेनाही पाहिली आहे. पवनारच्या विनोबांनी १९५७ मध्ये केरळच्या पदयात्रेत शांतिसेना स्थापन केली. दंगल शमवायला निःशस्त्र जायचं, वेळ पडली तर मार खायचा. त्याला सरकारी परवाना लागत नाही. पण असा सैनिक रोज कुठून मिळणार!

आता ग्रामरक्षक दल म्हटलं, की आमच्याकडे दारू आठवते. जिल्ह्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासून आहे, आणि दारू कुठे मिळते हे शाळकरी पोरही सांगतं. २०१६ च्या दुरुस्तीने दारूबंदी कायद्यातच ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. त्यात ग्रामसभेला स्थान आहे. ज्यांच्या घरातली भांडी गुत्त्यावर जातात, त्या बायांना तिथे उघडपणे बोलता येतं.

त्या रात्री चहा पिताना मी पाटलांना विचारलं, ‘‘या पोरांची नावं ठाण्यात दिली काय?’’ ते हसले. ‘‘आपलीच पोरं हायत, भाऊ.’’ मग थोडं थांबून त्यांनी मुलीची वही मागवली आणि वेशीवरच्या पोरांना हाक मारली. एकेक जण आत येऊ लागला. पाटील मान वर न करता विचारत होते, ‘‘नाव काय?’’