फारकतीचा कागद आणि कायद्याचा घटस्फोट

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात, माजलगावसारख्या तालुक्यात, पतिपत्नींचे पटेनासे झाले म्हणजे पुष्कळदा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसतात. ‘आम्ही उभयता स्वखुशीने विभक्त झालो आहोत’ असा मजकूर मुद्रांकाच्या कागदावर उतरतो. उभयतांच्या सह्या अगर अंगठे होतात. ह्यालाच फारकत, सोडचिठ्ठी किंवा काडीमोड म्हणतात. अशा कागदाने विवाह संपुष्टात येतो काय, आणि येत नसल्यास त्या कागदाचे परिणाम कोणते, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. मुंबई प्रांताने 1946 साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि 1947 साली हिंदु घटस्फोट कायदा केला. माजलगाव त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे हे दोन्ही कायदे येथे लागू नव्हते. हिंदु विवाह अधिनियम 18 मे 1955 रोजी अमलात आला, तो मात्र येथेही लागू झाला. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख ह्यांनाही तो लागू आहे; मुसलमान व ख्रिस्ती ह्यांचे कायदे निराळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

ह्या अधिनियमाने रूढीने होणारा घटस्फोट सर्वस्वी रद्द केला, असे समजणे चूक होईल. कलम 29 च्या दुसऱ्या पोटकलमाने तो राखून ठेवला आहे. तथापि रूढीचा नुसता उच्चार पुरेसा होत नाही. आपल्या जातीत वा समाजात अशी रूढी दीर्घकाळ अखंड चालत आलेली आहे, हे जो ती सांगतो त्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. जातीला विवाह रद्द ठरविण्याचा अधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1876 सालीच सांगितले होते. रूढीचा घटस्फोट हा सामान्य कायद्याला अपवाद असल्याने तो स्पष्टपणे मांडून सिद्ध केला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली यमनाजी जाधव प्रकरणात दिला. मुद्रांक अथवा नोटरीचा शिक्का ही उणीव भरून काढू शकत नाही.

रूढी सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो. मग त्या कागदाच्या भरवशावर केलेला दुसरा विवाह कलम 11 अन्वये शून्य ठरतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. शून्य विवाहातील पत्नीला फौजदारी संहितेखाली पोटगी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली यमुनाबाई आढाव प्रकरणात ठरविले. पहिला विवाह लपवून फसविल्या गेलेल्या स्त्रीला मात्र 2013 च्या निर्णयाने दिलासा मिळाला. अशा विवाहाची संतती कलम 16 अन्वये औरसच मानली जाते.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट पहिल्या पत्नीच्या बाबतीत घडते. जो कागद विवाह मोडू शकत नाही, तोच तिच्या हक्कांच्या आड येऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 अन्वये पत्नीस पोटगी मागता येते. परंतु उभयता परस्परसंमतीने विभक्त राहत असल्यास तो हक्क राहत नाही. तसेच दोन वर्षे सतत परित्याग हे घटस्फोटाचे कारण असले, तरी तो परित्याग तिच्या संमतीवाचून झालेला असावा लागतो. ‘स्वखुशीने’ हा एकच शब्द अशा रीतीने दोन्ही ठिकाणी प्रतिपक्षाच्या हाती बचाव देतो. तो शब्द तिने समजून मान्य केला होता काय, हे मग न्यायालयात साक्षीपुराव्याने दाखवीत बसावे लागते.

उभयतांना खरोखरच विभक्त व्हावयाचे असेल, तर 1976 साली घातलेले कलम 13-ब उपलब्ध आहे. एक वर्ष विभक्त राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो. त्यानंतरचा सहा महिन्यांचा अवधी योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. पोटगी, स्त्रीधन व मुलांचा ताबा ह्यांविषयीच्या अटी तेथे न्यायालयासमोर नोंदविल्या जातात.

दावा कोठे लावावयाचा, हा प्रश्न ह्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. कारण ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे वर्षातील कित्येक महिने दूरच्या कारखान्यांच्या फडांवर असतात. विवाह जेथे झाला, प्रतिपक्ष जेथे राहतो, अगर उभयता शेवटी जेथे एकत्र राहिले, तेथील न्यायालयात दावा चालतो. 2003 च्या दुरुस्तीने पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणीही, म्हणजे माहेरी राहत असल्यास तेथेही, दावा लावण्याची मुभा मिळाली. दावा चालू असता कलम 24 अन्वये निर्वाहखर्च व दाव्याचा खर्च मागता येतो. शिवाय 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो; त्यासाठी तालुका विधिसेवा समितीकडे अर्ज करावयाचा असतो.

बैठकीतील मंडळींचा हेतू बहुधा कलह मिटविण्याचाच असतो, आणि विभक्त झाल्याची तारीख नोंदविण्यापुरता त्या कागदाचा उपयोगही आहे. परंतु ज्या पत्नीचा अंगठा त्यावर उमटतो, तिला तो वाचून दाखविला जातो काय, आणि त्यातील ‘स्वखुशीने’ ह्या शब्दाची किंमत तिला कोणी सांगतो काय, ह्याची पाहणी विधीच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी गावोगाव जाऊन करण्यासारखी आहे.