रक्ताचा कागद

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. संगमनेरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू एक कागद घेऊन आल्या. पाळी थांबून आठ वर्षे लोटली असता त्यांच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले होते. डॉक्टरीणबाईंनी आतून तपासणी करावयास सांगितले होते. काकूंनी परस्पर रक्तच तपासून घेतले!

"बाई, आकडा ठीक आहे म्हणतात. मग त्या टेबलावर निजायला कशाला जाऊ?"

मी मराठी शिकवणारी. तरी जाणत्यांना विचारले, थोडे वाचले.

कागदावर 'एस.सी.सी. अँटिजेन' असे नाव होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित असे हे प्रथिन. काटो व तोरिगोए या जपानी संशोधकांनी १९७७ साली ते रक्तात मोजून दाखविले. परंतु रोग कोवळा असता पुष्कळ जणींच्या रक्तात ते वाढलेले नसते. उलट सोरायसिससारख्या त्वचारोगात किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यास कर्करोग नसतानाही वाढते. मग त्याचा उपयोग काय? उपचारांपूर्वी चढलेला आकडा उपचारांनंतर उतरला, तर ती चांगली खूण. पुन्हा चढू लागला, तर रोग परतल्याची शंका घ्यावयाची. थोडक्यात, हा जमाखर्च लिहिणारा कारकून आहे. चोर पकडणे त्याचे काम नव्हे.

चोर कसा पकडावा, हे आपल्याच मराठवाड्याने जगाला दाखविले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन एच.पी.व्ही. विषाणूची एकच चाचणी ज्या गटाला देऊ केली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या व्यवस्थेवर राहिलेल्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

हे ऐकून काकू गेल्या. रोग निघाला, पण पहिल्याच पायरीवर. शस्त्रक्रिया झाली. त्यांचा आकडा मुळात चढलाच नव्हता, तेव्हा तो उतरण्याची वाट कोण पाहणार? म्हणून ठरल्या तारखेला त्या प्रत्यक्ष तपासणीला जातात.

परवा त्यांची नणंद अशीच तक्रार घेऊन आली. काकू म्हणाल्या, "वन्सं, लाज घटकाभराची. उठा, मी येते बरोबर."

भगिनींनो, यंदा फराळाच्या ताटाशी एवढे बोलणे होऊ द्या.