विलायत : बाबासाहेबांनी अभ्यासलेला बेटांचा देश

‘बाबासाहेब विलायतेला जाऊन शिकून आले’ हे वाक्य आपल्या वस्त्यांमधून तीन-चार पिढ्या ऐकत आल्या आहेत. परंतु ही विलायत नेमकी कोठे आहे आणि तेथील माणसे कशी आहेत, हे आमच्या आई-वडिलांना ठाऊक नव्हते. वर्गात इतिहास शिकविताना आजचे विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात. त्याचे थोडक्यात उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

युरोप खंडाच्या वायव्येस अटलांटिक महासागरात असलेला हा बेटांचा देश आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड हे त्याचे चार घटक. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहूनही कमी. नीरेकाठचे आपले अकलूज सुमारे १८ उत्तर अक्षांशावर, तर लंडन ५१ अंशांच्याही पुढे. त्यामुळे तेथे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये आठ तासांचाही नसतो. इतक्या उत्तरेस असूनही समुद्रातील उष्ण प्रवाहामुळे तेथील हिवाळा तुलनेने सौम्य राहतो. दगडी कोळसा, बंदरे व व्यापारी जहाजे यांच्या आधारे तेथे औद्योगिक क्रांती झाली, आणि याच छोट्या देशाने जगभर साम्राज्य उभारले.

तेथील सर्वसामान्य माणसाला मात्र हक्क आयते मिळाले नाहीत. ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठे दीर्घकाळ केवळ राजमान्य चर्चच्या अनुयायांची होती. ते निर्बंध प्रामुख्याने १८७१ च्या कायद्याने दूर झाले. याउलट १८३६ मध्ये स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाने आरंभापासूनच धर्माची अट ठेवली नाही, व १८७८ पासून स्त्रियांनाही पदव्यांचे दार खुले केले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास तर १९२८ साल उजाडावे लागले.

बाबासाहेब शिकले ते याच लंडन विद्यापीठात. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. त्यांच्या ग्रंथांचा मोठा संग्रह ज्या जहाजाने येत होता, ते युद्धात बुडाले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन करावे, रात्री भूक लागली की पापड व कपभर दूध घ्यावे आणि पुन्हा वाचावयास बसावे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदविला आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे त्यांचे निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या देशाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांना कोणी जात विचारून अडविले नाही, त्याच देशाच्या भारतातील सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली होती. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत या समाजाने सांडलेल्या रक्ताची आठवण सरकारला तेव्हा राहिली नाही. बाबासाहेबांना हे दोन्ही ठाऊक होते. म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिशांच्याच राजधानीत त्यांना सुनावले, की तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती पालटली नाही, आणि लोकांचे राज्य मागितले. त्या देशाची विद्या घेताना त्यांनी त्याची सत्ता डोक्यावर घेतली नाही.

आज त्या देशात आपल्या देशबांधवांची मोठी वस्ती आहे, आणि दुर्दैवाने त्यांच्याबरोबर जातही समुद्रापार गेली आहे. २०१३ मध्ये तेथील संसदेने जातीय भेदभावाचा समावेश समता कायद्यात करण्याची तरतूद केली. परंतु २०१८ मध्ये सरकारने तसा स्वतंत्र कायदा न करता न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरविले. तो प्रश्न आजही तेथील आंबेडकरी मंडळी लढवीत आहेत.

पालकहो, आपल्या वसतिगृहातील एखादी मुलगी उद्या लंडनच्या विद्यापीठात गेली, तर त्यात अशक्य असे काही नाही. मात्र तिने विलायतेला भुलून जाऊ नये, की बिचकूनही जाऊ नये. तेथील ग्रंथालयात शांतपणे बसावे, दिसेल ते तपासून घ्यावे आणि शिकलेले घेऊन आपल्या माणसांकडे परत यावे. बाबासाहेबांनी नेमके हेच केले होते.