एका खोलीत न मावणारा बँड

मार्च 1980मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड मुंबईत येऊन धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलंट्स क्लबनं, म्हणजे धर्मादाय कामासाठी निधी उभारणाऱ्या मुंबईतल्या स्त्रियांच्या संस्थेनं. रंगभवन हे सरकारी खुलं नाट्यगृह. एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी.टी. रुग्णालयं, आणि चार पावलांवर जेर महालातलं फुर्तादोंचं वाद्यांचं दुकान. अशा ठिकाणी गायक-बासवादक स्टिंग, ड्रमर स्टुअर्ट कोपलँड आणि गिटारवादक अँडी समर्स उभे राहिले. त्या भेटीचं चित्रण पुढे 'द पोलीस अराउंड द वर्ल्ड' या माहितीपटात आलं.

पंकची आरडाओरड ओसरत असताना, तोच आटोपशीरपणा ठेवून त्यात रेगे, डिस्को, सिंथेसायझर असं काहीही मिसळणाऱ्या बँडांना तेव्हा 'न्यू वेव्ह' म्हटलं जाई. पोलीस त्यातले सर्वांत यशस्वी. त्यांचा 1978चा पहिला अल्बम इंग्लंडमधल्या लेदरहेड गावी नायजेल ग्रे या डॉक्टरच्या छोट्या स्टुडिओत झाला. जेमतेम दीड हजार पौंडांत, जेव्हा स्टुडिओ मोकळा मिळेल तेव्हा, तुकड्यातुकड्यांनी. तीन माणसं, तीन वाद्यं आणि मधे भरपूर मोकळी जागा. ही मोकळी जागाच त्यांची ओळख ठरली.

पुढे पैसा आला, आणि पैशापाठोपाठ खोल्या आल्या.

तिसरा अल्बम 1980च्या उन्हाळ्यात हॉलंडमधल्या हिल्व्हरसम इथे चार आठवड्यांत उरकला. काम पहाटे संपलं आणि बँड त्याच दिवशी दौऱ्यावर निघाला. 1981मध्ये त्यांनी ह्यू पॅडगॅम हा ध्वनितंत्रज्ञ घेतला आणि कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर जॉर्ज मार्टिनच्या 'एअर' स्टुडिओत मुक्काम टाकला. बीटल्सची ध्वनिमुद्रणं सांभाळलेल्या मार्टिननं हा स्टुडिओ 1979मध्ये उभारला होता. इथे गाण्यांवर कीबोर्ड आणि सॅक्सोफोनचे थर चढले. तिघांच्या वाजवण्यात जी हवा होती ती भरून निघाली. समर्सला हे रुचलं नाही आणि त्यानं ते नंतर उघडपणे सांगितलंही. गिटारवाल्याचं दुखणं समजण्यासारखं आहे. रिकामी जागा भरण्याचं काम तोवर त्याचंच होतं.

1982च्या डिसेंबरात तिघं पुन्हा त्याच बेटावर जमले तेव्हा परिस्थिती वेगळी होती. कोपलँडचे ड्रम मांडले जेवणघरात, समर्स मुख्य स्टुडिओत आणि स्टिंग नियंत्रण कक्षात. ध्वनीसाठी हे सोयीचं होतंच, कारण पॅडगॅमला प्रत्येक वाद्य स्वच्छ हवं होतं. पण भांडणासाठी ते अधिक सोयीचं होतं. एकमेकांचं तोंड न बघता वाजवता येई. ड्रमर वरच्या मजल्यावर कॅमेऱ्यासमोर, बाकीचे खाली पडद्यावर त्याला बघताहेत, असा तो संसार. स्टिंग आणि कोपलँडची जुंपायची ती झांज कुठे वाजावी अशा गोष्टींवरून. काम ठप्प झालं तेव्हा समर्स बेटावरच राहणाऱ्या मार्टिनकडे चालत गेला आणि आमचं निर्मितीचं काम हाती घ्या, म्हणून गळ घातली. मार्टिननं चहा पाजला आणि आपापसांत मिटवायला सांगून परत पाठवलं.

त्याच खोल्यांमधून 'एव्हरी ब्रेथ यू टेक' बाहेर पडलं. स्टिंगच्या कच्च्या मुद्रणात कीबोर्ड होता. तो काढून टाकून त्यानं समर्सला सांगितलं, याचं तुझ्या पद्धतीनं काहीतरी कर. समर्सनं बेला बार्टोकच्या व्हायोलिन-द्वंद्वांचा सराव केलेला होता. त्या वळणाची बोटं तारांवर टाकत त्यानं एका दमात तो गिटारचा नक्षीदार तुकडा वाजवला. गाणं अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. 'सिंक्रोनिसिटी' हा अल्बम 1983चा. त्यानंतर पोलीसनं पूर्ण अल्बम केला नाही. 1986मध्ये एक प्रयत्न झाला, पण त्याआधी कोपलँड घोड्यावरून पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. ड्रमर वाजवू शकत नाही म्हटल्यावर ताल यंत्रावर बसवायचा ठरला, आणि मग कोणत्या यंत्रावर, यावरून वाद. कोपलँडचं फेअरलाइट की स्टिंगचं सिंक्लेव्हियर? कित्येक दिवसांच्या घासाघिशीतून त्या वेळी बाहेर आलं ते एका जुन्या गाण्याचं नवं रूप. माँटसेराटचा स्टुडिओ 1989च्या ह्यूगो वादळात उद्ध्वस्त झाला.

मुंबईकडे वळलं की नेमका उलटा प्रश्न समोर येतो. इथे बँडला खोलीच मिळत नव्हती.

1980च्या दशकात शहरात ध्वनिमुद्रणाच्या जागा उत्तम होत्या, पण त्या सिनेमाच्या होत्या. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, फोर्टमधलं वेस्टर्न आउटडोअर, जुहूचं सनी सुपर साउंड. सगळा कारभार शिफ्टच्या हिशेबानं. अरेंजर सुरावटीचे कागद वाटणार, पन्नासेक वादक एकत्र वाजवणार, गायक आपल्या कक्षात आणि गाणं संध्याकाळच्या आत पुरं. या पद्धतीनं जे साधलं त्याला तोड नाही. पण तिचा पाया असा की वादक तयार होऊन येतो. स्टुडिओत बसून चुकतमाकत गाणं शोधणं हा इथे वेळेचा, म्हणजेच पैशाचा, अपव्यय. चार पोरांनी आपली गाणी घेऊन यावं आणि गिटारचा आवाज मुद्दाम फाटका हवा म्हणावं, हे या घडीत बसणारं नव्हतं. उदारीकरणाआधी परदेशी वाद्यं आणि उपकरणं आणणं किती जिकिरीचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून त्या दशकातली सर्वांत नवी वाटणारी दोन कामं बँडनं केलेली नाहीत, ती एकट्यादुकट्यानं केली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक. गिटार, बास, सिंथेसायझर, जे पडेल ते वाजवणारे. 1982मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8. भैरव, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून त्यांनी रेकॉर्ड काढली. 303 हे यंत्र खरं तर एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य वादकांना ती कृत्रिम वाटली, पण मींडेच्या कानानं ऐकणाऱ्याला ती कामाची वाटली असली तर नवल नाही. रेकॉर्ड चालली नाही. त्याच यंत्राच्या घसरड्या आवाजावर शिकागोत 1987मध्ये 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार उभा राहिला, आणि 2010मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या जाणत्यांनी तोंडात बोटं घातली.

दुसरा रेमो फर्नांडिस. 1984मध्ये त्यानं गोव्यातल्या शिवोलीत, स्वतःच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर 'गोअन क्रेझी' केला. बहुतेक सगळी वाद्यं स्वतःच वाजवली, वेष्टन स्वतः रंगवलं आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. चार ट्रॅक म्हणजे कंजुषीचा कारभार. तीन भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि पुन्हा जागा करायची. प्रत्येक उतरवणीत थोडी खरखर वाढते आणि एकदा उतरवलेलं मागे घेता येत नाही. रेमोच्या सुरुवातीच्या कामातला थेटपणा या बंधनातून आलाय, असं मानायला जागा आहे.

तरीही बँड म्हणून टिकून राहण्याचा हट्ट करणारे होतेच. रॉक मशीन 1984मध्ये मुंबईत सुरू झाला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, पुढे उदय बेनेगल गायनाला, जयेश गांधी दुसऱ्या गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझेस ड्रमवर. तेव्हाच्या सगळ्या बँडांसारखी यांचीही सुरुवात परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यापासून. श्रोत्यांना तेच हवं असे. 1986मध्ये 'मिराज' बँडच्या फरहाद वाडियानं रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला, तिथेही आवडत्या परदेशी गाण्याला जेवढी दाद मिळे तेवढी स्वतःच्या गाण्याला मिळवणं कठीण होतं. रॉक मशीननं ते मिळवलं. 1988मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड', 1990मध्ये 'द सेकंड कमिंग'. पहिल्या अल्बमवर अमेरिकी हार्ड रॉकची छाप उघड आहे. आवाज, केस, नाव, सगळंच तिकडचं.

मग केबल टीव्ही आला. रॉक मशीनच्या 'प्रिटी चाइल्ड' गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर गाजला, आशियाच्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही त्याला मिळाला. आणि याच सुमारास, 1993मध्ये, बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं. नुसतं नाव बदललं असतं तर ती जाहिरातबाजी ठरली असती. पण 1995च्या 'इंडस क्रीड' अल्बममध्ये आवाजच बदलला होता. गिटारची धार कमी झालेली, गाण्याला श्वास घ्यायला वाव दिलेला, भारतीय सूर-ताल नुसते शोभेला न ठेवता आत मुरवलेले. या लेखाचं मत विचाराल तर त्या दशकातला भारतीय इंग्रजी रॉकचा सर्वांत प्रौढ अल्बम हाच. दुर्दैव असं की तो आला तेव्हा बाजार इंडिपॉपच्या ताब्यात गेला होता. कंपन्यांना हिंदी गाणारा एक देखणा चेहरा हवा होता, इंग्रजी गाणारी पाच-सहा माणसं नकोत. 1997मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी 'आम्स फॉर शांती' काढला.

रंगभवनही थांबलं. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवला. कॉलेज आणि रुग्णालयांच्या शेजारातलं खुलं नाट्यगृह त्यातून सुटणं शक्यच नव्हतं. धोबीतलावचं एक भाग्य होतं: मरीन लाइन्सवरून बोरिवलीची पोरं आणि व्ही.टी.वरून मुलुंड-घाटकोपरची पोरं सारख्याच सोयीनं तिथे पोचत आणि लोकलनं घरी परतत. ते गेल्यावर रॉक उपनगरात आलं. खरं म्हणजे आधीपासून येतच होतं. पवईला आयआयटीचा मूड इंडिगो महोत्सव 1970च्या दशकापासून बँडांना मंच देत आला होता. जुहूत रॅझबेरी ऱ्हायनोसरस हा क्लब होता. 1 नोव्हेंबर 1996ला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात नाचून गेला. इंडिपेंडन्स रॉकनं अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर बिऱ्हाड केलं. एरवी तिथे सिनेमाचे सेट लागतात, नवरात्रात गरबा.

उपनगरात आल्यावर रॉकला सिनेमाचा शेजार आणखी जवळचा झाला, आणि पेंटाग्राम या बँडच्या वाटचालीत तो स्पष्ट दिसतो. 1994मध्ये सुरू झालेल्या या बँडचा 'वी आर नॉट लिसनिंग' हा 1996चा अल्बम दणदणीत गिटार-रॉक. सहा वर्षांनी आलेल्या 'अप'मध्ये संगणकाचे ठेके, इलेक्ट्रॉनिक आवाजांची चळत. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. मधल्या काळात गायक विशाल ददलानी शेखर रवजियानीबरोबर चित्रपटसंगीत करू लागला होता. गिटारवादक रँडॉल्फ कोरिया पुढे मोनिका डोग्राबरोबर 'शायर अँड फंक'मध्ये नाचाचं संगीत करणार होता. संगणकावर तासन्‌तास बसून आवाज घडवण्याची सवय आणि साधनं सिनेमाच्या कामातून हाताला लागली, मग बँड त्यातून कसा सुटेल? 2005मध्ये पेंटाग्राम इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आला. 2007 आणि 2011मध्ये आणखी दोन अल्बम आले आणि शेवटच्याचं नाव त्यांनी 'ब्लडीवुड' ठेवलं. पोट भरणाऱ्या धंद्याला असा चिमटा काढायला मुंबईकरच हवा.

एव्हाना खोलीचा प्रश्न यंत्रानं सोडवला होता. ओशिवरा, आरामनगर, लोखंडवाला इथल्या इमारतींत लहान लहान स्टुडिओ झाले: एक संगणक, एक माइक, भिंतीला फोम. शिफ्टचं भाडं नाही, घाई नाही. पण माँटसेराटला जेवणघर आणि नियंत्रण कक्ष यांच्यात जे अंतर होतं ते आता दोन घरांमधलं झालं. ड्रमर आपला भाग वाजवून फाइल पाठवतो, गिटारवाला आपल्या घरी त्यावर वाजवतो. भांडायलाही कोणी समोर नसतं. बँडची गरजच मग कमी होते. 2014मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड करून, आयपॅडवरच चित्रित करून यूट्यूबवर सोडलं. अंधेरीच्या जे.बी. नगरचा रॅपर डिव्हाइन त्याच्या थोडा आधी पुढे आला होता. उपनगराचा आवाज अखेर घुमला तो एका माणसाच्या, एका माइकच्या गाण्यातून.

इंडस क्रीड मात्र 2010मध्ये पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे पुढच्या पिढीतले. 2012च्या 'इव्हॉल्व्ह'साठी त्यांनी मिश्रणाचं काम टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या टिम पामरला दिलं, ज्यानं पर्ल जॅमचा 'टेन' मिसळला होता. 1988च्या रेनिगेडमधली घाई या अल्बममध्ये कुठेच नाही. गाणी लांब आहेत, मधेच थांबतात, दिशा बदलतात, आणि ड्रम-बास एकमेकांचं ऐकत वाजतात. 1995च्या अल्बमनंतर थेट हा ऐकला तर मधली सतरा वर्षं सर्वांत जास्त जाणवतात ती बेनेगलच्या आवाजात: वरच्या पट्टीत चढण्याची खुमखुमी गेलीय, आणि शब्द आता खालच्या सुरात, सावकाश टाकले जातात.